चिकुनगुन्यानंतर डोंगरावर पुन्हा धावताना: चढ आधी, उतार मोजून

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४३, राहणं पुण्यात, काही वर्षांपासून टेकड्या आणि सिंहगड धावत चढायची सवय. सप्टेंबरअखेरीस चिकुनगुन्या झाला. ताप पाच दिवसांत उतरला, पण सात आठवडे झाले तरी सकाळी उठल्यावर घोटे आणि हाताची बोटं वीसेक मिनिटं आखडलेली असतात. उजव्या टाचेत सकाळच्या पहिल्या पावलांना कळ येते. उतरताना गुडघ्याच्या वाटीभोवती दुखतं, पण ते आजारपणाच्या आधीपासूनचं. डिसेंबरच्या मध्यावर सह्याद्रीतली २५ किलोमीटरची डोंगरी शर्यत आहे आणि पैसे भरून झालेत. वेदनाशामक गोळी घेऊन सराव चालू ठेवावा, की सगळं थांबवून नुसती विश्रांती घ्यावी?

दोन्ही करू नका. डिसेंबरची २५ किलोमीटर मात्र सोडून द्या. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचताना ती तारीख डोक्यात घोळत राहणार नाही. अशा शर्यतीत हजार मीटरहून जास्त चढ आणि तेवढाच उतार सहज असू शकतो. दाह अजून पूर्ण न शमलेले घोटे पाच आठवड्यांत त्यासाठी तयार होत नाहीत. आयोजकांना अंतर कमी करून मिळतं का किंवा नोंदणी पुढच्या वर्षी नेता येते का, एवढं विचारून ठेवा.

गोळी घेऊन धावणारे आणि महिनाभर पलंग न सोडणारे, दोघांचीही एकच गफलत होते. डोंगरावरचं धावणं त्यांना एकच काम वाटतं. शरीराच्या दृष्टीने ती दोन वेगळी कामं आहेत. चढताना मांडीचे आणि पोटरीचे स्नायू आकुंचन पावत काम करतात, दम लागतो, हृदयावर ताण येतो, पण पाऊल हलकं पडतं आणि सांध्यांना ठोका कमी बसतो. उतरताना नेमकं उलटं होतं. मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराला लगाम घालत असतो, म्हणून त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते, घोट्याला प्रत्येक पावलाला सावरावं लागतं. नाडी मात्र खाली असते, दम लागलेला नसतो, त्यामुळे सगळं सोपं वाटतं आणि बिल दुसऱ्या दिवशी येतं.

म्हणून दुखत असताना किलोमीटर मोजून काही हाती लागत नाही. सिंहगडाचंच बघा. आतकरवाडीतून पुणे दरवाजापर्यंतची पायवाट अडीच-पावणेतीन किलोमीटरची आणि उंची सहाशे मीटरच्या घरात. वर जाऊन खाली आलं तर साडेपाच किलोमीटर होतात. ‘सध्या दहा करत नाही, फक्त गड करून येते’ असं म्हणणारी व्यक्ती सपाटीवरच्या दहा किलोमीटरच्या बदल्यात सहाशे मीटरचा खडकाळ उतार पदरात घेते. तुमच्या वहीत यापुढे किलोमीटरचा रकाना नसला तरी चालेल. चढाचे मीटर आणि उतराईचे मीटर असे दोन वेगळे रकाने मात्र हवेतच.

कुठलं दुखणं कशाचं

तुमच्याकडे तीन दुखणी आहेत आणि तिघांचे नियम वेगळे आहेत.

सकाळचा आखडलेपणा हा चिकुनगुन्याचा. हा विषाणू ताप उतरल्यावरही सांध्यांच्या आणि कंडरांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) आवरणात दाह ठेवून जातो. घोटे, मनगटं, बोटं ही त्याची आवडती ठिकाणं. तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत हे चालणं नेहमीचं आहे. तीन महिन्यांनंतरही राहिलं तर त्याला जुनाट म्हणतात. बायकांमध्ये, चाळिशी-पंचेचाळिशीच्या पुढे आणि आधीच सांधे दुखत असतील तर ते जास्त रेंगाळतं. या दुखण्याची ओळख म्हणजे ते विश्रांतीने वाढतं आणि हालचालीने मोकळं होतं, बहुतेकदा दोन्ही बाजूंना असतं आणि कधीकधी सूज नि ऊबही जाणवते. ते लाटांनी येतं. आठवडाभर बरं वाटून पुन्हा उचल खाल्ली तर तुमचं काही चुकलंच असेल असं नाही.

वाटीभोवतीचं दुखणं भाराचं आहे. उतार, जिने उतरणं, उकिडवं बसणं, बराच वेळ मांडी घालून बसणं, यांनी वाढतं आणि भार कमी केला की उतरतं.

टाचेचं दोन्हींच्या मधलं आहे. तळव्याचा पट्टा टाचेच्या हाडाला जिथे चिकटतो तिथे भारामुळेही दुखतं आणि चिकुनगुन्याचा दाहही नेमका अशाच जोडांवर बसतो. व्यायाम सुरू करण्याआधी टाच बोटाने दाबून बघा. टाचेच्या खाली आतल्या कडेला एका ठिकाणी दुखलं तर ते बहुधा पट्ट्याचं. टाचेच्या हाडाला दोन्ही बाजूंनी हातांच्या तळव्यांत धरून दाबल्यावर जोरात दुखलं तर हाडावरच्या ताणाची शंका धरायची आणि धावणं थांबवून तपासून घ्यायचं.

हाडाचं दुखणं ओळखता येणं डोंगरावर धावणाऱ्याला फार गरजेचं आहे, कारण तिथे सोसत राहण्याची किंमत मोठी असते. कंडरा सुरुवातीला कुरकुरते आणि दहा मिनिटांत ऊब आली की गप्प होते. हाड गप्प होत नाही. दर किलोमीटरला जास्त बोलतं. बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर दुखणं, एका पायावर उडी मारल्यावर तिथेच कळ, रात्री पडल्या पडल्या ठणका, किंवा जांघेत खोलवर दुखणं, यांतलं काहीही असेल तर धावणं बंद. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे साफ येऊ शकतो. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणून पुन्हा पळायला लागणारे पुष्कळ असतात. शंका असेल तिथे एमआरआय लागतो.

सुरुवात करण्याआधी

विषाणूचा ताप क्वचित हृदयाच्या स्नायूलाही दाह करतो. छातीत दुखणं, धडधड, चक्कर, किंवा पूर्वी सहज व्हायचे त्या जिन्यांना नवीनच धाप लागणं, यांतलं काही असेल तर आधी ईसीजी, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि डॉक्टरांना वाटलं तर ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी रक्ततपासणी. हृदयाचा दाह निघालाच तर तीन ते सहा महिने जोराचा व्यायाम बंद ठेवायला सांगतात आणि त्यात घासाघीस करायची नसते. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं आलं तर त्याच दिवशी दाखवा. आजारपणात पडून राहिल्यावर शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते.

रक्ताच्या तपासण्यांत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी आणि ईएसआर (दोन्ही दाह दाखवणाऱ्या), यकृताच्या तपासण्या, टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-१२, ड जीवनसत्त्व आणि फेरिटिन करून घ्या. फेरिटिनबाबत एक खोच आहे. शरीरात लोह किती साठलंय ते त्यावरून कळतं, पण दाह असला की ते उगाच वाढलेलं दिसतं. सीआरपी चढलेलं असताना फेरिटिन ७० आलं म्हणून लोह भरपूर आहे असं समजू नका. सीआरपी खाली आल्यावर पुन्हा करा. दाह नसताना ३० च्या खाली असेल तर साठा रिकामा आहे, हिमोग्लोबिन १२ च्या वर असलं तरीही. पाळीत रक्तस्राव जास्त होणाऱ्या बायकांना चढावर जो दम लागतो त्याचं मूळ बऱ्याचदा इथे असतं आणि वर्षभर दोष सरावाला दिला जातो. लोहाची गोळी डॉक्टरांनी दिली तर ती दिवसाआड घेण्याबद्दल विचारा. रोजच्यापेक्षा अशी ती जास्त चांगली शोषली जाते आणि पोटालाही कमी त्रास देते. लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा मागेपुढे तासभर नको.

आता गोळीबद्दल. तापाच्या दिवसांत चिकुनगुन्या की डेंग्यू हे ठरलेलं नसतं, म्हणून तेव्हा फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांनी डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. सात आठवड्यांनंतर डॉक्टर काही दिवस दाहशामक देतीलही, ते ठरलेल्या वेळी जेवणानंतर घ्यायचं. सरावाआधी घ्यायचं नाही. तीन तास डोंगरात घाम गाळताना मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त आधीच कमी झालेलं असतं, त्यात या गोळ्या ते आणखी आवळतात. शिवाय आजच्या उतराईचा हिशेब सांगणारी एकमेव गोष्ट, म्हणजे दुखणं, तीच त्या झाकून टाकतात.

स्टेरॉइडचा छोटा कोर्स दिला असेल तर तो मनाने अर्धवट सोडू नका आणि त्या काळात उड्या, स्प्रिंट, उतारावर धावणं अजिबात नको, कारण कंडरा त्या वेळी कमजोर असतात. कुणी लेबल नसलेली ‘वाताची पुडी’ दिली आणि दोन दिवसांत जादू झाल्यासारखं वाटलं, तर सावध व्हा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत. आजारपणात सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन घेतलं होतं का, हेही जुन्या चिठ्ठीत बघा. टायफॉइड असेल किंवा लघवीचा संसर्ग असेल म्हणून ती आपल्याकडे सर्रास दिली जातात. या जातीची प्रतिजैविकं टाचेमागच्या कंडरेला इजा करू शकतात, स्टेरॉइडबरोबर तर जास्तच, आणि त्रास कोर्स संपल्यावर काही महिन्यांनीही उद्भवू शकतो. घेतलं असेल आणि टाचेच्या मागे वर दुखत असेल तर पोटरीचे वजनी व्यायाम पुढे ढकला.

चढ परत मिळवणं

सुरुवात करायला हरकत नाही हे कसं ठरवायचं? दहा दिवस ताप नाही. सकाळची पडल्या पडल्या मोजलेली नाडी आजारपणाआधीच्या आकड्याच्या पाचेक ठोक्यांत आली आहे. अर्धा तास सपाटीवर भरभर चालल्यावर दुसऱ्या सकाळी आखडलेपणा नेहमीपेक्षा जास्त नव्हता. तीन मजले चढून वाक्य न तोडता बोलता येतं. एवढं जमत असेल तर पुढे.

पहिले दोन आठवडे डोंगराकडे फिरकू नका, इमारतीचा जिना वापरा. एक मजला साधारण तीन मीटर. दहा मजली इमारतीत जिन्याने वर आणि लिफ्टने खाली: एका फेरीत तीस मीटर चढ, उतार शून्य. डोंगरावर कुणी लिफ्ट लावून ठेवलेली नसते, म्हणून शहरात राहण्याचा हा फायदा घ्यायचा. आठवड्यातून तीनदा, चार फेऱ्यांपासून सुरुवात, म्हणजे १२० मीटर; दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी सहा-सात फेऱ्या. पायरीवर पूर्ण पाऊल टेका, टाच हवेत ठेवली की पोटरी आणि तळव्याचा पट्टा ताणला जातो. वेग असा की फोनवर बोलता यावं. मधल्या दिवशी सपाटीवर तीस-चाळीस मिनिटं चालणं किंवा सायकल.

पुढचे तीन आठवडे टेकडी. पुण्यातल्या टेकड्यांवर एका चढाईत शंभर मीटरच्या आसपास उंची मिळते. वर हवं तर जरा जोर लावा, खाली चालत आणि काठ्या घेऊन, सर्वांत सौम्य बाजूने. एका दिवसाची उतराई पहिल्या आठवड्यात १०० मीटर, मग १५०, मग २००, आठवड्यातून दोनदाच. चढ जास्त हवा असेल तर तो जिन्यावर करा. याच काळात सपाट मातीच्या वाटेवर एक मिनिट हळू धावणं आणि दोन मिनिटं चालणं, अशा आठ फेऱ्या. दर आठवड्याला धावणं अर्ध्या मिनिटाने वाढवायचं.

सिंहगड यानंतर, तोही एकमार्गी. आतकरवाडीतून चालत चढायचं आणि खाली जीपने यायचं. काहींना यात कमीपणा वाटतो. पण सहाशे मीटरचा सलग चढ, उतार शून्य, असा सराव मोठ्या डोंगरांच्या देशांतले धावपटू केबल कार वापरून मुद्दाम करतात. रविवारी वाट आणि जीप दोन्ही तुंबलेल्या असतात, मधला वार बघा. चढ खूप उभा झाला की धावू नका. हात गुडघ्यांवर ठेवून लांब टांगा टाकत चालणं त्या चढावर धावण्यापेक्षा स्वस्त पडतं, निरोगी माणसालासुद्धा.

काठ्यांची उंची: सपाटीवर उभं राहून पकडल्यावर कोपर काटकोनात. उतारासाठी पाच ते दहा सेंटीमीटर वाढवा. तुमची बोटं आखडतात, त्यामुळे मूठ घट्ट आवळू नका. पट्ट्यात हात खालून घाला आणि भार पट्ट्यावर द्या, नाहीतर गुडघा वाचेल आणि मनगट सुजेल.

उतार, थेंबाथेंबाने

इथे दोन टोकांच्या चुका होतात. काही जण गुडघा दुखतो म्हणून चार महिने उतार टाळतात आणि थेट शर्यतीत हजार मीटर उतरतात. काही जण ‘सवय व्हायला हवी’ म्हणून आठवड्यातून तीनदा उतरतात. उताराने होणारी इजा भरून आली की तो स्नायू पुढच्या त्याच भाराला बऱ्यापैकी पुरून उरतो, आणि हे संरक्षण एका छोट्या डोसनेही मिळतं नि काही आठवडे टिकतं. त्यासाठी भरून यायला वेळ मात्र द्यावा लागतो. दुखणं २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असतं, म्हणून धावत उतरण्याचा सराव सात ते दहा दिवसांतून एकदाच.

पहिला डोस: घाटरस्त्यासारखा सौम्य, एकसारखा उतार, पायाखाली दगड नाहीत. तीस सेकंद धावत खाली, चालत परत वर, असं सहा वेळा. बस्स. पुढच्या वेळी आठ, मग पंचेचाळीस सेकंदांचे आठ. चौथ्या-पाचव्या खेपेला मातीची पायवाट. कातळटप्पे आणि मुरमाड घसारा सर्वांत शेवटी, तेही आधी चालत. इथून पुढे एकूण उतराईचे मीटर आठवड्याला फार तर १५ ते २० टक्क्यांनी वाढवा आणि दर चौथ्या आठवड्यात निम्म्यावर आणा.

वाटीवरचा भार कमी करायचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पावलं लहान आणि जास्त करणं. उजवा पाय तीस सेकंदांत किती वेळा पडतो ते मोजा आणि चारने गुणा. ३९ आला तर मिनिटाला १५६ पावलं. ते पाच टक्क्यांनी वाढवायचं, म्हणजे तीस सेकंदांत ४१. एकदम १८० च्या मागे लागू नका, पोटरी आणि टाच बोंबलतील. घाबरलं की माणूस मागे रेलतो, पाय पुढे फेकतो, टाच रोवतो. मग प्रत्येक पाऊल ब्रेक होतं आणि तो ब्रेक गुडघ्यात लागतो. पाऊल शरीराच्या खाली पडू द्या, गुडघा किंचित वाकलेला, नजर तीन-चार मीटर पुढे, हात बाजूला सैल. उतार उभा झाला की नागमोडी उतरा. बूट असा हवा की अंगठ्यापुढे नखभर नव्हे, अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहील. बुटाची नाडी वरच्या शेवटच्या भोकातून फास करून ओढली की टाच मागे बसून राहते आणि नखं काळी पडत नाहीत. कुठल्याही बुटाच्या तळाचा ओल्या शेवाळलेल्या कातळावर भरवसा धरू नका.

घरचे व्यायाम

गुडघ्यासाठी पंधरा सेंटीमीटरची एक पायरी पुरते. एका पायावर उभं राहून दुसरी टाच तीन सेकंदांत खाली टेकवायची आणि वर यायचं. आठ-आठचे तीन सेट, आठवड्यातून तीनदा. आरशात बघा: गुडघा आतल्या बाजूला, अंगठ्याकडे, पडत असेल तर पायरी दहा सेंटीमीटरची करा आणि एका हाताने भिंतीचा आधार घ्या. आठ नीट जमले की हातात पाण्याचा पाच लिटरचा कॅन. ज्या दिवशी हेही दुखेल त्या दिवशी भिंतीला पाठ टेकून, गुडघे साधारण साठ अंशांत वाकवून ४५ सेकंद थांबणं, पाच वेळा. कुशीवर प्लँक (कोपरावर टेकून अंग सरळ ताठ धरणं) दोन्ही बाजूंना अर्धा मिनिट, कारण कंबर ढळली की गुडघा आत जातो.

टाचेसाठी टॉवेलची घट्ट गुंडाळी पायाच्या बोटांखाली ठेवून पायरीच्या कडेवर उभं राहा, म्हणजे तळव्याचा पट्टा ताणलेला राहतो. तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. दिवसाआड. बारा-बारा वेळा तीन सेट आणि भार असा की तेरावा जमू नये. दोन आठवड्यांनी पाठपिशवीत वजन वाढवून दहाचे चार, आणखी दोन आठवड्यांनी आठचे पाच. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. तोवर घरात फरशीवर अनवाणी फिरू नका, पलंगाशेजारी मऊ चप्पल ठेवा आणि पहिलं पाऊल त्यातच टाका. घोट्याला प्रत्यक्ष सूज असेल तेव्हा हा व्यायाम थांबवायचा. नुसता आखडलेपणा असेल तर दुपारनंतर करायचा.

याच कारणाने धावण्याची वेळही बदला. पहाटे साडेपाचला निघणाऱ्या गटाबरोबर जाण्याचा आग्रह काही महिने सोडा. थंडीच्या दिवसांत आखडलेल्या घोट्याने दगडांवर पाऊल वाकडं पडतं. उठून दीड-दोन तासांनी, घरात दहा मिनिटं घोटे फिरवून, टाचा उचलून, मग बाहेर.

दुसऱ्या सकाळी

सरावात किती दुखलं यापेक्षा दुसऱ्या सकाळी काय झालं यावर पुढचा दिवस ठरवा. दहापैकी तीनपर्यंतचं दुखणं सरावात चालेल, पण ते २४ तासांत मूळ पातळीवर यायला हवं. वहीत रोज तीन आकडे लिहा: सकाळची नाडी, आखडलेपणाची मिनिटं, टाचेच्या पहिल्या दहा पावलांचं दुखणं.

तुमचा आखडलेपणा वीस मिनिटांचा आहे. सकाळी तो वीसच राहिला तर ठरलेलं करा. तीसपर्यंत गेला तर मागचाच डोस पुन्हा, वाढ नाही. त्याहून जास्त किंवा सूज दिसली तर तीन दिवस उतार शून्य. जिना-लिफ्ट किंवा सायकल हळू चालू ठेवा, कारण पूर्ण पडून राहिलं की हे सांधे आणखी आखडतात. नाडी नेहमीपेक्षा आठ-दहाने वर असेल तर कितीही उत्साह असला तरी फक्त चालणं. आणि सराव चांगला होऊन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगातलं सगळं बळ निघून गेल्यासारखं होत असेल, झोपूनही भरून निघत नसेल, तर भार निम्मा करून दोन आठवडे तिथेच थांबा. अशा थकव्यावर जोर लावला की तो वाढतो.

मध्येच सर्दी झाली तर नाक-घशापुरती असेल तोवर हलकं चालणं चालेल. ताप, अंगदुखी, छातीतला खोकला किंवा जुलाब असतील तर काहीच नको.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. दीड तासाच्या वरच्या सरावात तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात, बाकी राजगिरा लाडू, खजूर, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, जे पचतं ते. ओआरएसची पूर्ण पुडी एक लिटर पाण्यातच घाला, अर्ध्या बाटलीत नको. नुसतं पाणी भसाभस पिऊ नका. तहानेप्रमाणे, साधारण तासाला अर्धा लिटर. आजारपणात मांडीचा स्नायू झडतो आणि पुन्हा भरायला प्रथिनं लागतात. पोहे-चहाच्या नाश्त्यात ती फारशी नसतात. अंडी, दही, उसळ, पनीर यांतलं काहीतरी सकाळच्या खाण्यात हवंच.

मग शर्यत कुठली?

सगळं सुरळीत चाललं तर वरचा क्रम पुरा व्हायला चार महिने लागतील, म्हणजे मार्च उजाडेल आणि उन्हाळा तोंडावर असेल. फेब्रुवारीअखेर दहा-अकरा किलोमीटरची छोटी डोंगरी शर्यत मिळाली तर ती काठ्या घेऊन, उतार चालत करा. पहिलं मोठं लक्ष्य म्हणून सप्टेंबरच्या सुमारास होणारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन तुम्हाला जास्त जुळेल. यवतेश्वर घाटाने कासच्या दिशेने चढायचं आणि त्याच रस्त्याने उतरायचं. डांबर असल्यामुळे घोटा मुरगळण्याची भीती कमी. उतार मात्र सलग आहे आणि डांबराचा ठोका कडक, तेव्हा जून-जुलैत घाटरस्त्यावर सलग उतरण्याचा सराव हवा. नोंदणी लवकर भरते, त्यावर लक्ष ठेवा. २५ किलोमीटरचा सह्याद्री त्याच्या पुढच्या डिसेंबरात.

डिसेंबरअखेरीस, म्हणजे ताप येऊन तीन महिने झाल्यावर, आखडलेपणा अर्ध्या तासाच्या वर असेल किंवा एखादा सांधा सुजलेला राहत असेल तर संधिवाततज्ज्ञांकडे जा. ते आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या संधिवाताच्या रक्ततपासण्या करायला सांगतील, कारण कधीकधी चिकुनगुन्याच्या आडून संधिवातच डोकं वर काढतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात. जाताना वही न्या, आजारपणातल्या औषधांच्या चिठ्ठ्या न्या आणि सुजलेल्या सांध्याचा सकाळी काढलेला फोटो न्या, कारण दुपारच्या वेळेपर्यंत ती सूज बऱ्याचदा दिसेनाशी झालेली असते.